मागच्या सीटखालचे दोन सेकंद

गाडी घाटात धापा टाकायला लागली की निदान करायला माणसं कमी पडत नाहीत. मेव्हणा म्हणतो प्लग, शेजारचे काका पेट्रोलमधल्या इथेनॉलला शिव्या घालतात, गॅरेजवाला फोनवरच ‘पंप गेला, साहेब’ म्हणून मोकळा होतो. मागच्या सीटखाली टाकीत बसून इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाला मात्र कोणी विचारत नाही. विचारलं तर तो बोलतो. चावी ‘ऑन’वर आणून तिथेच थांबलात, तर बहुतेक गाड्यांत मागून साधारण दोन सेकंद ‘झूंऽऽ’ ऐकू येतं. आपण चावी फिरवतो ती थेट स्टार्टरपर्यंत, तीही एफएम चालू ठेवून. तेव्हा रेडिओ बंद, पंखा बंद, आणि घरातला एक माणूस मागच्या सीटला कान लावून. सोसायटीला काय वाटेल याचा विचार करू नये.

झूं आलं नाही, तरी लगेच पंपाचं श्राद्ध घालू नका. आधी फ्यूज. मग रिले, म्हणजे पंपाला वीज जोडणारा छोटा स्विच: पुष्कळ गाड्यांत हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असतो, तो काढून पंपाच्या जागी लावा. गाडी सुरू झाली आणि हॉर्न मुका झाला, तर काम दोन-तीनशे रुपयांत निभावलं. नवा रिले येईपर्यंत गल्लीलाही शांतता.

मल्टिमीटर इथे हमखास फसवतो. कनेक्टर काढून मोजलं, तर गंजलेल्या वायरीतूनही 12 व्होल्ट दिसतात. कनेक्टर जोडलेला असताना, पंप फिरत असताना मोजा. बॅटरीपेक्षा एखादा व्होल्ट कमी भरला, तर दोष वायरिंगचा नाहीतर अर्थिंगचा.

अडाणी वाटणारा एक उपाय मला फार आवडतो. एकाने स्टार्टर मारायचा आणि दुसऱ्याने टाकीच्या बुडाला रबरी हातोडीने दोन ठोसे द्यायचे. पंपाच्या मोटरला वीज पोचवणारे कार्बनचे ब्रश झिजून अडकले असतील तर धक्क्याने पंप फिरतो आणि गाडी सुरू होते. हा पंप बरा झालेला नाही. दुकानापर्यंत जाण्याची मुदत तेवढी मिळाली.

पंप फिरतोय पण चढावर दम तुटतो, तर पेट्रोलचा दाब मोजणारा प्रेशर गेज लावा. बहुतेक इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत 3 ते 4 बार हवेत. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. रेस देताच काटा पडला, तर बहुधा फिल्टर किंवा पंपाच्या तोंडाची जाळी तुंबलेली, नाहीतर पंप थकलेला. इंजिन बंद करताच पडला, तर पेट्रोल मागे फिरू न देणारा पंपातला चेक व्हॉल्व्ह खराब किंवा इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर गळका; मग सकाळी स्टार्टर लांबतो.

पंप डबक्यातल्या म्हशीसारखा पेट्रोलमध्ये डुंबत राहिला की थंड राहतो. ‘शंभरचं टाका’ म्हणत कायम रिझर्व्हवर फिरणाऱ्यांचा म्हणूनच लवकर तापतो आणि तळाचा गाळही ओढतो. काकाही पूर्ण चुकीचे नाहीत: इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि जुन्या गाडीच्या रबराला ते मानवत नाही.

बदलायचा दिवस ठरला की टाकी पाव भागाखाली आणा. काम उघड्यावर, आसपास गॅस नको, सिगारेट नको, देवघरातला दिवासुद्धा नको. अग्निशामक हाताशी हवा. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. सीट उचलली की शेंगदाण्याची टरफलं आणि नाणी निघतील. नाणी ठेवा, बाकी ब्रशने साफ करा, कारण झाकण उघडल्यावर ती धूळ टाकीतच पडते. काही गाड्यांत तिथे झाकणच नसतं, टाकी उतरवावी लागते. ते घरी करू नका.

पंप टाकीत धरून ठेवणाऱ्या लॉक रिंगवर मार्करने खूण करा. ती लाकडी ठोकळ्याने हळूहळू फिरवायची. लोखंडी छिन्नीची ठिणगी इथे महागात पडेल. जुनी रबरी सील पेट्रोल पिऊन फुगते आणि परत खाचेत बसत नाही, म्हणून नवी आधीच आणा. जाळीही नवीच. नुसती मोटर बदलत असाल तर आतली नळी पेट्रोलमध्ये बुडवण्याजोगीच घ्या. साधी नळी काही दिवसांत मऊ पडून फुटते. वायरी उलट जोडल्या तर पंप उलटा फिरतो, आवाज छान येतो, प्रेशर येत नाही.

जोडून झाल्यावर चावी चार वेळा ऑन-ऑफ करून गळती पाहा, आणि मगच सीट बसवा. त्याआधी पेट्रोलच्या काट्याकडेही एक नजर टाका. पंप आत सरकवताना काट्याला पातळी सांगणाऱ्या तरंगत्या फ्लोटची दांडी हमखास वाकते, आणि फुल्ल टाकी अर्धी दिसायला लागते. मग सीट परत उचला.