पाच सीटची गाडी, त्यात मी आणि माझी पर्स

आज आमच्या ऑफिसात 'नो व्हेईकल डे' होता. परवाच परिपत्रक फिरलं, सगळ्यांनी सह्या ठोकल्या, ग्रुपवर हिरव्या पानांचे इमोजी पडले. आणि मी, खोटं कशाला बोलू, गाडी घेऊनच गेले. सकाळी डबे, सासूबाईंच्या गोळ्या, त्यात नेमका गॅसवाला आला, घड्याळ बघितलं तर सव्वानऊ होऊन गेलेले. म्हटलं आता कुठं बस बघत उभी राहू.

तर सांगलीत मार्केट यार्डाजवळ अडकले. ही तोबा गर्दी. आरशात बघते तर मागच्या गाडीत आमच्याच गल्लीतल्या वहिनी! त्यांचं ऑफिस मिरजेत, आमच्या ऑफिससमोर, मधे फक्त रस्ता. त्याही एकट्याच. मी हात केला, त्यांनी हात केला, आणि मग दोघी दोन गाड्यांतून, दोन एसी लावून, विश्रामबाग, विलिंग्डन कॉलेज करत एकीमागं एक मिरजेत पोचलो. वर पार्किंग शोधत एकाच चौकात तीन-तीन चकरा मारल्या, त्यापण एकीमागं एक.

आधी हसू आलं. मग राग आला. राग आधी स्वतःचाच होता, आता टाईप करता करता बाकीच्यांचापण यायला लागलाय, सांभाळून घ्या.

कारण ह्याच वहिनी आणि मी सात-आठ वर्षं मामांच्या रिक्षातनं मिरजेला जायचो. जुन्या लोकांना माहितीये मी कुणाबद्दल बोलतेय. वडापच ते, म्हणजे मिळतील तेवढी माणसं भरून नेणारी शेअर रिक्षा, पण आमच्या चौघींच्या सीटा ठरलेल्या. गावभागात गल्लीच्या तोंडाला रिक्षा यायची, दोनदा हॉर्न. तिसरा हॉर्न मामांनी कधी मारला नाही. दहा मिनिटं थांबायचे, आत बसलेल्या तिघी उशिरा येणारीच्या नावानं बोटं मोडायच्या आणि ती पदर खोचत पळत आली की तिला जागा करून द्यायच्या. येताना मेथी निवडून व्हायची, गवार मोडून व्हायची. कुणाच्या घरात काय चाललंय ते सगळं त्या आठ-दहा किलोमीटरात कळायचं. आता वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ते मला फेसबुकवरनं कळतं, आणि राहतो एका गल्लीत!

असो. विषय गाड्यांचा आहे.

माझा भाचा सिॲटलला असतो, अमेरिकेत. रविवारी फोनवर बोलता बोलता म्हणाला, मावशी, आमच्याकडं एकट्यानं गाडी घेऊन कामाला जाणं ह्याला वेगळं नावच आहे, 'ड्राइव्ह अलोन', आणि ते कमी व्हावं म्हणून राज्याचा कायदा आहे, 1991 चा. सकाळी सहा ते नऊमधे शंभर किंवा जास्त माणसं एका जागी कामावर येत असतील तर त्या कंपनीनं ही गर्दी कमी कशी करणार ते ठरवून द्यायचं, करून दाखवायचं. त्याची कंपनी त्याला बस-रेल्वेचं कार्ड फुकट देते आणि पार्किंगला मात्र रोजचे पैसे लावते. हायवेला एक लेन अशी की गाडीत किमान दोन माणसं असतील तरच त्यात घुसायचं. एकटा असशील तर थांब रांगेत. 2017 च्या सर्व्हेत म्हणे शहराच्या मधल्या भागात सकाळी कामाला येणाऱ्यांत चौघांतला एकच जण एकटा गाडीनं येत होता. आणि हे अमेरिकेत हं, जिथं दूध आणायलापण गाडी काढतात म्हणून आपण नाकं मुरडतो.

पुढं तर म्हणाला, तिथं 'व्हॅनपूल' म्हणून आहे. एकाच बाजूला जाणारी माणसं जमवायची, सरकारी बसवालेच त्यांना व्हॅन देतात, त्यातलाच एक चालवतो, खर्च वाटून घ्यायचा. 1979 पासून चालू आहे. मी म्हटलं अरे बाळा, हे तर वडाप! आमच्या मामांना इंग्लिश येत नव्हतं एवढाच काय तो फरक!

आता कुणीतरी कमेंटमधे येणारच, वडाप बेकायदा असतं, सहाच्या जागी अकरा कोंबतात, ड्रायव्हरच्या मांडीवर माणूस बसवतात. मान्य. बघितलंय. मीपण बसलेय तशी, एका बाजूनं निम्मी बाहेर. पण मग त्याला शिस्त लावायची का ते मोडून प्रत्येकाला लोनवर गाडी घ्यायला लावायची?

गाडीची आपल्याकडं इज्जतच तेवढी झालीये. बसनं आलो म्हटलं की समोरचा विचारतो, का हो, गाडी बिघडली का? मला तर एका लग्नात एका बाईनी काळजीनं विचारलं, सगळं ठीक ना घरी? 2023 पासून एसटीत आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे, खेड्यातनं येणाऱ्या पोरी, भाजीवाल्या मावश्या त्याचा पुरेपूर फायदा घेतात, आणि आम्ही शिकल्यासवरलेल्या पेट्रोल जाळत सिग्नलला बसतो.

आणि रस्ता मोठा करा, रस्ता मोठा करा म्हणून ओरडणाऱ्यांना माझं एकच सांगणं, आपल्या शंभर फुटी रस्त्याला जा आणि टेप लावून मोजा, शंभरातले चालायला किती फूट उरलेत ते. हरभट रोड, गणपती पेठ तर सोडूनच द्या, तिथं आता घरं पाडून रस्ता करणार का?

आमच्या साहेबांचा किस्सा सांगायचा राहिला. साहेब आज बसनं आले. स्टॉपवर फोटो, बसमधे फोटो, उतरताना फोटो. आणि त्यांची गाडी? ती त्यांच्या आधी ऑफिसात येऊन उभी होती, ड्रायव्हर एकटा घेऊन आला. म्हणजे आज त्यांच्या नावावर एकाच्या जागी दोन वाहनं लागली. टाळ्या!! मला गाडी लावताना बघून म्हणाले, मॅडम, तुम्हीसुद्धा? मी काय बोलणार, चोर मीच.

बरं, बायकांचं थोडं वेगळं असतं हेपण खरं. स्कूटीनं आम्हाला जी मोकळीक दिली ती कुठल्या बसनं दिली नाही. पोरगीचा क्लास, येताना दळण, मधेच डॉक्टर, हे सगळं बसच्या टायमिंगवर होत नाही. ज्याला परवडतं त्यानं गाडी घ्यावी की, मी कोण अडवणार. पण रोज? एकटीनं? त्याच रस्त्यानं, त्याच वेळेला, वहिनींच्या पुढं दहा फुटांवर?

मामांचं शेवटचं सांगते. माझी मुलगी तापानं आजारी होती तेव्हा मी दोन दिवस गेले नाही. तिसऱ्या दिवशी मामा रिक्षा गल्लीच्या तोंडाला लावून दारात. "ताई, बरं हाय न्हवं? दोन दिस झालं सीट मोकळी जातीया." त्यांनी ती दोन दिवस दुसऱ्या कुणाला दिली नव्हती.

आणि पुढं आमच्या चौघींत पहिली ॲक्टिव्हा कुणी घेतली असेल? मी. पेढे वाटले रिक्षात, मामांनापण दिले. सहा महिन्यांत दुसरीनं घेतली. मग मामा दोघींनाच घेऊन यायचे काही दिवस, मग म्हणाले मोकळ्या सीटा घेऊन परवडंना, आणि ते गल्लीत यायचेच बंद झाले. कुणावर चिडले नाहीत. मी तेव्हा ह्याचा विचारसुद्धा केला नव्हता, आज त्या आरशात वहिनी दिसल्या तेव्हा केला. इतक्या वर्षांनी. लिहिताना डोळ्यात पाणी आलंय, हसू नका.

मगाशी वहिनींकडं जाऊन आले. चहा झाला, गुडघा बघितला. उद्यापासून एक आठवडा माझी गाडी, पुढचा आठवडा त्यांची. मागं अजून तीन सीट आहेत, मधलीवर बसणारी बारीक हवी. मिरजेला जाणाऱ्या कुणी असतील तर आत्ताच मेसेज करा, पेट्रोलचे पैसे घेणार, फुकट नाही. बरोब्बर नऊ वाजता गल्लीच्या तोंडाला, दोनदा हॉर्न. मामा दहा मिनिटं थांबायचे, मी पाच थांबेन.