त्सो मोरीरीची घाई नको
लेहला उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी लडाखमधलं त्सो मोरीरी तळं गाठा, असं सहलीवरच्या एका लेखात सुचवलंय. कृपया तसं करू नका. लेह 3500 मीटरवर, तर तळ्याकाठचं कोरझोक 4500च्या वर. मुक्काम एकदम हजार मीटर चढला की रात्री डोकं ठणकतं, उलट्या होतात. आधी लेहमध्ये तीन रात्री काढा. तरीही त्रास वाढला तर गोळी घेऊन पडून राहू नका, लगेच खाली उतरा.

परतताना पुगामार्गे त्सो कार हे खारं तळं बघाच, कियांगांचे म्हणजे रानगाढवांचे कळप दिसतात. पण गाडी रस्त्यावरच ठेवा. काठावरची पांढरी खारट खपली वरून कोरडी दिसते, खाली चिखल असतो, चाक रुततं. ओल्या कुरणातले चाकांचे चर तर वर्षानुवर्षं बुजत नाहीत, आणि काळ्या मानेचे क्रौंच याच दलदलीत घरटी करतात.