लॉग लपवणं वेगळं, लॉग टाकून देणं वेगळं

नमस्कार. तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा लांबतंय. तुमचा आक्षेप असा: मावेनच्या (जावा प्रोजेक्ट बिल्ड करणारं साधन) बिल्डमध्ये स्क्रीनवर येणाऱ्या लॉगमधून डाउनलोडच्या ओळी आणि टेस्टचं आउटपुट काढायला मी सांगणं म्हणजे पुरावा पुसणं. डिस्क स्वस्त आहे, सगळं छापू द्या, लागेल तेव्हा ग्रेप (मजकुरातून हव्या त्या ओळी शोधणारी कमांड) करा.

यातला एक मुद्दा मला पूर्ण पटतो. अधूनमधून पडणारी टेस्ट डीबग (सविस्तर लॉगची पातळी) लावून पुन्हा चालवली की नेमकी पास होते, म्हणजे तपशील पहिल्याच वेळी हाती हवा. पण तो स्क्रीनवरच कशाला? शुअरफायरमध्ये (मावेनचं टेस्ट चालवणारं प्लगइन) 'रीडायरेक्ट टेस्ट आउटपुट टू फाइल' चालू केलं की टेस्टने छापलेलं सगळं प्रत्येक क्लासच्या वेगळ्या फाइलीत, शुअरफायर-रिपोर्ट्स फोल्डरमध्ये जातं. सीआयला (कोड बदलला की आपोआप बिल्ड चालवणारी यंत्रणा) तो फोल्डर जपून ठेवायला सांगायचा, आणि तोही बिल्ड फेल झाली तरी. ही अट घालायची बहुतेकांकडून राहते आणि मग हवी ती फाइल नेमकी मिळत नाही. ग्रेडल हे दुसरं बिल्ड साधन तर मुळातच टेस्टचं आउटपुट कन्सोलवर न ओतता रिपोर्टमध्ये ठेवतं. एसबीटीमध्ये (स्काला भाषेसाठीचं बिल्ड साधन) स्क्रीनवर फक्त वॉर्निंग दाखवायला सांगितलं, तरी 'लास्ट' ही कमांड दिली की मागच्या टास्कचा सविस्तर लॉग मिळतो.

डाउनलोडच्या ओळींचं म्हणाल, तर मावेन 3.6.1 पासून 'नो ट्रान्सफर प्रोग्रेस' हा पर्याय आहे. त्याने फक्त प्रगतीच्या ओळी जातात. डिपेन्डन्सी (प्रोजेक्टला लागणारी बाहेरची लायब्ररी) मिळाली नाही तर एरर दिसतेच. कुठली जार (लायब्ररीची फाइल) कुठल्या रिपॉझिटरीतून (लायब्ररींच्या साठ्यातून) आली, याची नोंद तुमच्या मशीनवरच्या लोकल रिपॉझिटरीत त्या जारशेजारीच असते.

'क्वाएट' हा आउटपुट गप्प करणारा पर्याय मात्र मी सुचवलेला नाही. मावेनमध्ये त्याने फक्त एरर उरतात, वॉर्निंगही जातात, आणि तिथे तुमचा राग रास्त ठरला असता.

आता ग्रेप. बिल्डचं आउटपुट पाइपमधून ग्रेपला दिलं की शेलला शेवटच्या कमांडचा, म्हणजे ग्रेपचा, एक्झिट कोड (काम जमलं की फसलं हे सांगणारा आकडा) मिळतो. बिल्ड पडली आणि ग्रेपला काहीतरी सापडलं, तर सीआय हिरवा, म्हणजे सगळं ठीक असल्याचं दाखवणार! बॅश शेलमध्ये 'पाइपफेल' (पाइपमधली कुठलीही कमांड फसली तरी अपयश कळवणारं सेटिंग) लावल्याशिवाय हा उद्योग करू नका. आणि 'सगळं छापू द्या'मध्ये डीबग धरत असाल तर आणखी जपून: डीबग पातळीवर गोपनीय माहिती लॉगमध्ये उघडी पडू शकते, असा इशारा ग्रेडलच्या अधिकृत दस्तऐवजातच आहे. सीआयचा लॉग टीममधले सगळेच वाचतात.

शेवटी तुम्ही विचारलंय की समांतर बिल्डमध्ये मॉड्यूलांच्या ओळी एकमेकींत मिसळतात, त्याचं काय. ग्नू मेक या बिल्ड साधनात 4.0 पासून 'आउटपुट सिंक' (प्रत्येक कामाचं आउटपुट एकत्र छापणारा पर्याय) आहे, तो लावा. मावेन 3 मध्ये कॉन्फ फोल्डरखालच्या लॉगिंगमध्ये सिंपललॉगरची प्रॉपर्टीज फाइल (लॉगची सेटिंग्ज) असते, तिथे थ्रेडचं (समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्याचं) नाव दाखवणं चालू करा. ओळी मिसळतील, पण कुठली कुठल्या थ्रेडची ते कळेल.