प्लॅटफॉर्म डुगडुगतोय? निवांत बसा!

आपला फॅन ग्रुप ज्या साइटवर आहे तो प्लॅटफॉर्म विकला जाणार, बंद पडणार अशी कुजबुज सुरू झाली रे झाली की ग्रुपमधली दोनचार अतिउत्साही मंडळी बॅकअप बॅकअप करत कोकलायला लागतात, त्यांच्या नादी अजिबात लागू नका. एवढा पैसा ओतलेली कंपनी काय उगाच दुकान बंद करेल होय? याहूने १९९९ मधे लोकांना फुकट वेबपेज देणारं जिओसिटीज साडेतीन अब्ज डॉलर मोजून घेतलं होतं. २००९ मधे गाशा गुंडाळला ते सोडा. आणि डेटाची काळजी तर कंपनी तुमच्यापेक्षा जास्त घेते, मायस्पेस या सोशल नेटवर्कने सर्व्हर हलवताना बारा वर्षांची गाणी, फोटो, व्हिडिओ सगळं घालवलं आणि २०१९ मधे गैरसोयीबद्दल दिलगिरीसुद्धा व्यक्त केली, अजून काय पाहिजे?

तरी चुळबुळ होतच असेल तर पोल घ्या. कुठे जायचं याचे सात ऑप्शन द्या, आठवा 'जाऊच नये', मग पोलमधे फेक अकाउंट घुसलेत असा कोणीतरी आरोप करेल, त्यावरून तीन वर्षांपूर्वीचं हिरोईनने कोणाला निवडायला हवं होतं हे भांडण परत उकरून निघेल, आणि त्यात महिना आरामात जातो.

मेन अॅडमिन कुठे गायब झालाय ते शोधायच्या फंदात पडू नका. सगळी सूत्रं त्याच्याच अकाउंटवर, पासवर्ड त्यालाच माहीत, रिकव्हरी ईमेल ज्या कंपनीचा ती कधीच बुडाली. येईल की कधीतरी.

काही वाचवायचंच असेल तर नुसत्या फॅनफिक, म्हणजे फॅन्सनी लिहिलेल्या कथा, उचला, खालच्या कमेंट कशाला? ती अर्धवट राहिलेली मर्डर मिस्ट्री आठवतेय ना, जिच्या खाली लोकांनी खुनी कोण यावर एवढा धुरळा उडवला की लेखिकेने वैतागून पुढच्या भागात सगळ्यांचा संशयितच मारून टाकला? आता कमेंटशिवाय तो भाग वाचणाऱ्याला वाटेल बाईंना वेड लागलं होतं. वाटू दे. उलट लोकांनी टोपणनावाने, आपलीच माणसं म्हणून विश्वासाने सांगितलेलं घरचं रडगाणं मात्र न विचारता, न वगळता सगळं पब्लिक करा.

२००७ मधे लाइव्हजर्नल या ब्लॉगिंग साइटने एका फटक्यात शेकडो अकाउंट उडवली, तेव्हा काही चक्रम फॅन्सनी चक्क स्वतःची संस्था काढली, 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे फॅनफिकचं संग्रहालय उभं केलं, सर्व्हर स्वतःचे, खर्च देणग्यांवर, जाहिरात एक नाही, वर दुसऱ्यांची बंद पडत आलेली आर्काइव्हही आत घेतात. एवढा उपद्व्याप सांगितलाय कोणी? वर्गणी म्हटल्यावर आपल्या ग्रुपात कोण कोण ऑनलाइन राहतं ते बघा एकदा.

आपण आपलं डिस्कॉर्ड या चॅट अॅपवर जायचं. तिथलं गूगलला सापडत नाही, म्हणजे नवीन माणूस चुकून यायची भीती नाही. इन्व्हाइट लिंक आपोआप सात दिवसात मरते, सेटिंगला हात लावू नका, आणि ती जुन्या ग्रुपमधे एकदाच टाका, शक्यतो रात्री तीन वाजता, मीम्सच्या मधे.

मग शेवटच्या दिवशी सगळ्यांनी जमायचं, रडक्या इमोजींचा पाऊस पाडायचा, आणि एकाने विचारायचं, "कोणीतरी सगळं सेव्ह केलंय ना?" बाकीच्यांनी त्या कमेंटला लाइक द्यायचं.