थंडीतले इडलीचे पीठ आणि मिठावरचा आरोप

डिसेंबर उजाडला की ठाण्यातल्या घरोघरच्या मोबाइलवर एक संदेश हमखास येतो. थंडीत इडलीचे पीठ फुगत नाही, कारण त्यात आदल्या रात्री मीठ घातलेले असते. म्हणून मीठ सकाळी घालावे, पीठ कढत पाण्याने वाटावे, रात्रभर दिवा लावलेल्या बंद ओव्हनमध्ये ठेवावे आणि तरीही ते बसलेलेच राहिले तर यीस्ट किंवा सोडा घालावा, असे त्यात सांगितलेले असते. या सल्ल्यांमुळे चांगली डाळ आणि तांदूळ वाया जातात, म्हणून त्यांचा विचार नीट व्हायला हवा.

पहिला मुद्दा मिठाचा. पीठ फुगवण्याचे मुख्य काम ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइड्स हा जिवाणू करतो. तो उडदाच्या डाळीबरोबरच येतो आणि पिठातल्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल व कार्बन डायऑक्साइड तयार करतो. युरोपात कोबी आंबवतानाही सुरुवात हाच जिवाणू करतो, आणि त्या कोबीत वजनाच्या सुमारे 2 टक्के किंवा त्याहून थोडे अधिक मीठ असते. आपल्या पिठात ते साधारण 1 टक्का असते. त्याने आंबण्याचा वेग फार तर थोडा कमी होईल. मे महिन्यात तेवढेच मीठ घातलेले पीठ पातेल्याबाहेर उतू जाते, तेव्हा मिठाला कोणी दोष देत नाही.

खरा फरक तापमानाचा आहे. 30 अंशांच्या आसपास जे पीठ 10 ते 12 तासांत तयार होते, त्याला 22 अंशांना बराच अधिक वेळ लागतो. येऊरच्या पायथ्याशी किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या वरच्या मजल्यांवर रात्री खिडकी उघडी राहिली, तर स्वयंपाकघर याहूनही गार होते. त्यातच डाळ फ्रिजमध्ये भिजवून गार पाण्यानेच वाटली, तर पीठ मुळातच खोलीपेक्षा थंड असते आणि मोठ्या पातेल्याच्या मध्यभागी ते ऊबेला यायला रात्रीचे कित्येक तास निघून जातात. म्हणून खोलीचे नव्हे, पिठाचे तापमान मोजावे. स्वयंपाकाचा साधा थर्मामीटर पिठात मध्यापर्यंत बुडवला की अंदाजावर विसंबावे लागत नाही.

कढत पाण्याचा सल्ला तर उलटा परिणाम करणारा आहे. ज्या जिवाणूंवर आपण अवलंबून आहोत ते 40 अंशांच्या पुढे मंदावतात आणि आणखी वर मरतात. शिवाय मिक्सरच्या घर्षणाने पीठ आधीच तापते, म्हणून जाणकार उडीद वाटताना गारच पाणी घालतात. तांदूळ मात्र कोमट पाण्याने वाटायला हरकत नाही. दोन्ही एकत्र केल्यावर मिश्रण 28 ते 30 अंशांवर यावे, एवढेच पाहावे.

ओव्हनचा मार्ग टाकाऊ नाही, पण दिव्याची ताकद आणि ओव्हनचा आकार घरोघरी वेगळा असल्याने तो न मोजता अवलंबू नये. आत पाण्याचे भांडे ठेवावे, दिवा लावावा आणि दोन-तीन तासांनी त्या पाण्याचे तापमान पाहावे. ते 32 च्या वर गेले असेल तर दिवा अधूनमधून बंद करावा.

यीस्टची गरज नाही. पीठ फुगवण्यात ल्युकोनोस्टॉकची भूमिका 1965 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात स्पष्ट झालेली आहे. सोडा वायू देतो, पण आम्ल मारून टाकतो. तो घातलेली इडली फुगते, मात्र तिला आंबवणाची चव नसते.

ओव्हन नसेल तर झाकणाचा थर्मोकोलचा डबा पुरेसा आहे. पातेले त्यात ठेवून शेजारी कोमट पाण्याच्या दोन बाटल्या ठेवाव्यात आणि झोपण्यापूर्वी त्या एकदा बदलाव्यात. पातेले निम्मेच भरावे. पीठ दीडपट ते दुप्पट झाले आणि पृष्ठभागावर जाळी दिसू लागली, की ते फ्रिजमध्ये जावे, मग घड्याळात कितीही वाजलेले असोत.