गणपतीआधीची बाजारातली संध्याकाळ: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

काका, नमस्कार. प्रतिक्रियेत सत्तरी ओलांडल्याचं लिहिलंत, म्हणून काका म्हणते.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात चिपळूणची बाजारपेठ रात्री उशिरापर्यंत गजबजलेली असते. त्या संध्याकाळी मी किती रमले, हे मागच्या लेखात लिहिलं आणि जाता जाता न्यूयॉर्कच्या ‘फॅशन्स नाइट आउट’ची आठवण काढली. तुम्हाला ते खटकलं. हा अमेरिकी चंगळवाद आहे, चाकरमान्यांचा थाट बघून गावातली माणसं कर्ज काढून कपडे घेतात, आणि तेच कपडे मोबाइलवर निम्म्या किमतीत मिळतात, असं तुमचं म्हणणं. इतकं कळकळीने लिहिलंत, तर नुसते आभार मानून मोकळं होणं मला पटेना.

आधी न्यूयॉर्कचं सांगते. ती संध्याकाळ पहिल्यांदा झाली 10 सप्टेंबर 2009 ला. 2008 च्या मंदीने तिथलं गिऱ्हाईक आटलं होतं. तेव्हा ‘व्होग’च्या संपादक ॲना विंटूर यांनी पुढाकार घेतला, महापौर ब्लूमबर्ग सोबत उभे राहिले आणि शहरभरची कपड्यांची दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी राहिली. डिझायनर मंडळी स्वतः दुकानांत येऊन गिऱ्हाइकांशी बोलली. पुढे गर्दी वाढली तशी, लोक नुसते मिरवून जातात, खरेदी कुठे करतात, अशी टीकाही झाली, आणि 2013 मध्ये अमेरिकेतली ती संध्याकाळ थांबवण्यात आली. त्यातला झगमगाट मला नकोच आहे. धंदा बसलेला असताना सगळ्या शहराने मिळून दुकानांची पायरी चढावी, एवढंच मला त्यातलं भावलं, कारण आपल्याकडे ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

22 जुलै 2021 तुम्हाला आठवत असेलच. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, काही ठिकाणी पहिल्या मजल्याला टेकलं. ओसरल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिखलाने माखलेल्या मालाचे ढीग होते. साड्या, तागे, शाळेचे गणवेश, सगळं एकाच रंगाचं झालेलं. गणपती त्या वर्षी 10 सप्टेंबरला होते, म्हणजे पुरानंतर जेमतेम पन्नास दिवसांनी. वर कोरोना होताच. आम्ही नेहमी जिथे साड्या घेतो त्या दुकानात फळ्या फुगल्या होत्या, भिंतीला ओल होती, आणि मालक एका घडीच्या टेबलावर थोडासा नवा माल मांडून बसले होते. ओळखीतल्या कितीतरी बायकांनी त्या वर्षी गौरीची साडी मुद्दाम तिथूनच घेतली. मनासारखा रंग नव्हता, तरी घेतली. याला चंगळ म्हणायला माझी जीभ वळत नाही, काका.

मोबाइलवर साडी स्वस्त मिळते, हे खरंच आहे. पण साडी घरी आली म्हणजे नेसून झाली, असं होत नाही. तिला फॉल-पिको लागतो, ब्लाउज लागतो, अस्तर लागतं. मॅचिंग सेंटरवाला काय करतो बघा. पदर हातात घेतो, मागच्या थप्पीतून एकाच जांभळ्याच्या चार छटा काढतो आणि साडीसकट दुकानाच्या दाराशी येतो, कारण आतल्या ट्यूबलाइटखाली जांभळा निळसर दिसतो. दारात उजेडाला धरून म्हणतो, ‘‘ही नको ताई, काठाला मारते. ही घ्या.’’ आणि ती खरोखर बरोबर निघते. ते कापड मग जिन्याखालच्या फॉल-पिकोवालीकडे आणि टेलरकडे जातं. टेलर ‘‘गौरी यायच्या आदल्या दिवशी नक्की’’ म्हणतो आणि आपण तिथे उभं राहून हुज्जत घालतो. पुढे कासाराकडे हिरव्या बांगड्या भरायच्या, आणि अबोलीची वेणी तर घ्यायचीच. त्या एका साडीमागे एवढ्या जणांचा सण होतो. यातली निम्मी कामं बायका करतात, आणि त्यांच्या वर्षभराच्या कमाईतला मोठा वाटा याच दिवसांत येतो.

दिखाव्याबद्दल. चाकरमानी थाटात येतात, मान्य. मुंबईहून आलेल्या भाचीचा ड्रेस बघून इथल्या पोरीलाही तसाच हवा असतो, तेही मान्य. मला त्यात वाईट दिसत नाही. आणि साध्या राहणीचं म्हणाल, तर इथल्या बाईने गुडघाभर चिखलात लावणी केलेली असते, मग बेणणी, पाऊसभर जुनं लुगडं नाहीतर गाऊन अंगावर. तिची वर्षातली एखादीच नवी साडी याच आठवड्यात येते. घरात नव्या सुनेचा पहिला ओवसा, म्हणजे सुपं भरून गौरीला ओवसायचा विधी, असेल तर सुपांबरोबर साडीही घ्यावी लागते, आणि ती सून आरशासमोर उभी राहून खांद्यावर पदर लावून बघते, तेव्हा तिच्या तोंडावरचा आनंद बघावा. तो तिला मिळायलाच हवा, असं मला अगदी मनापासून वाटतं.

कर्जाचा मुद्दा मात्र मी बाजूला सारणार नाही. हप्त्यांवर कपडे घेऊ नयेत, याबाबत मी पूर्ण तुमच्या बाजूची आहे. फक्त हेही बघा, की ते हप्ते आता मोबाइलवरच्या एका बटणावर मिळतात. बाजारातला दुकानदार उधारी देतो, पण घर ओळखून देतो. ‘‘मागचे राहिलेत वहिनी, यंदा हलकी घ्या,’’ असं तोंडावर सांगणारा दुकानदार मी ऐकलाय. मोबाइल असं कधी सांगत नाही.

तुमच्या प्रतिक्रियेतलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं: ही संध्याकाळ गाडीवाल्यांचीच, खेड्यातली बाई सहाला स्टँडवर पळते. अगदी खरं आहे. दुकानं कितीही वेळ उघडी राहोत, गावाकडची शेवटची एसटी गेली की तिचा बाजार संपला. हातात पिशव्या, कडेवर पोर, आणि ब्लाउजपीस बघायचा राहिलेलाच. तेव्हा यंदा त्या आठवड्यापुरत्या शेवटच्या गाड्या तासभर उशिरा सोडाव्यात, असा अर्ज आम्ही काहीजणी मिळून आगारात देणार आहोत. तुमच्या वाडीतल्या बायकांच्या सह्या गोळा करून द्याल का? कागद मी पाठवते.