भाद्रपदातलं सरपण

कोकणात घर उबदार ठेवायला कोणी लाकूड जाळत नाही. घर मार्चमध्ये आपणहून तापतं आणि मृग लागेपर्यंत निवायचं नाव घेत नाही. सरपण लागतं ते चुलीला आणि आंघोळीच्या पाण्याला. पाऊस लागला की मग एरवी विहिरीवर उघड्याने कळशी ओतून घेणारा गडीसुद्धा "पाणी तापला काय?" म्हणत पंचा खांद्यावर टाकून न्हाणीच्या दाराशी उभा राहतो.

मे महिन्यात खोपीत रचलेलं सरपण मोठं देखणं दिसतं. पौष-माघात तोडलेलं, फोडून दोन-तीन महिने उन्हात टाकलेलं ऐन, किंजळ, काजू, आंबा. त्यात थोडं सुरूच्या झाडाचं लाकूड असलं तर ते पहिल्या पंधरवड्यातच संपतं, कारण सुरू ओला असला तरी पेटतो आणि ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना ठाऊक असते. पुढे रोज पहाटे अंधारात हात काय उचलतो? सरळ, कोरडं, मनगटाएवढं जाड. असे नव्वद दिवस गेले की खोपीत जे राहतं त्याला 'उरलेलं सरपण' म्हणणं हा आपला सभ्यपणा. ती नव्वद वेळा नापास झालेली मंडळी असतात: गाठी, बेचकी, अर्धवट जळून विझलेली खोडकं, वाशांचे तुकडे, आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या. आणि नेमके तेव्हाच गणपतीला चाकरमानी येतात.

कागदावर हिशेब अगदी सोपा आहे. माणशी अठरा लीटरची बादली, विहिरीचं पाणी 26 अंशांवरून 40 वर न्यायचं, माणसं बारा. म्हणजे तीन हजार किलोकॅलरी. उघड्या चुलीत लाकडाच्या उष्णतेतला जेमतेम पाचवा हिस्सा भांड्याला लागतो, बाकीची न्हाणीच्या कौलांना. कोरडं लाकूड किलोला साडेतीन हजार किलोकॅलरी देतं असं धरलं, तर साडेचार किलोत बारा आंघोळी व्हायला हव्यात. होत नाहीत, कारण भाद्रपदातलं ओलं लाकूड आधी स्वतःची आंघोळ उरकत असतं. एक लीटर पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सातपट त्याची वाफ करायला लागते. लाकडाच्या शेंड्यातून चुर्र करत फेस येतो ना, तो हा खर्च. वर जाळ थंडावतो, धूर अर्धवट जळतो, आणि फुंकणी फुंकणाऱ्याचे डोळे पाहून पाहुण्यांना वाटतं, आपल्या येण्याने काकींना गहिवरून आलं.

म्हणून पहिलं काम म्हणजे सुकवणं. दोन तुकडे एकमेकांवर आपटा. खणखणले तर चुलीत, 'थप' आवाज आला तर माचीवर. चुलीवर टांगलेल्या बांबूच्या माचीवर तुकडे दोन बोटं अंतर सोडून पसरायचे. जाळाची जीभ पोचेल इतकी माची खाली नको. काही लोक ओली लाकडं रात्री चुलीच्या तोंडाशी टेकवून झोपायला जातात. पहाटे लाकडं सुकलेली मिळतात, कधी कधी न्हाणीसकट. तुकडे लहान केले की लवकर सुकतात, कारण पाणी जास्त करून कापल्या तोंडातून बाहेर पडतं. दोन हात लांब ओंडका जे वर्षभरात करत नाही, ते त्याचा वीतभर तुकडा माचीवर थोड्या दिवसांत करतो.

वीतभरच का, तर बंबामुळे. तांब्याचा बंब हे उरल्यासुरल्या तुकड्यांचं खरं माहेर. मधली नळी तीन-चार इंच रुंद, तिच्याभोवती पाणी, खाली जाळी, जाळीखाली राख. अंगठ्याएवढे जाड, वीतभर लांब तुकडे वरून सोडत राहायचं. क्रम असा: आधी बंबात पाणी, नंतरच जाळ. पाण्याविना पेटवलात तर सांध्यांचा डाख सुटतो आणि बंब फुलझाडांना पाणी घालायच्या लायकीचा होतो. मग राख झाडून जाळी मोकळी करायची, तळाशी माडाच्या वाळक्या चुडताचं पान आणि रंध्याचा भुसा मूठभर, त्यावर करवंटीचे दोन तुकडे, ते लाल झाले की लाकूड. नळी दोन तृतीयांशाच्या वर भरू नका. भसाभस भरलं की हवेची वाट बंद होते आणि धूर खालून, नेमका तुमच्या तोंडावर येतो. बेचकं तर बंबात कधीच सोडायचं नाही. ते मधेच पाय फाकून बसतं. खालून सळईने टोचलं की वर सरकतं, वरून दाबलं की आणखी घट्ट होतं. बेचक्याची दोन्ही टोकं करवतीने आधीच उडवायची. तसंही रचलेल्या राशीत बेचकं म्हणजे भोक, आणि भोक म्हणजे फुरशाला आणि विंचवाला आमंत्रण. राशीत हात घालण्याआधी काठीने दोनदा ठोकायचं. लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून कित्येकांचे प्राण वाचवले, पण म्हणून आपण आपल्या हाताने रुग्ण पुरवायला नको.

पेटीच्या फळ्या झकास पेटतात. खोड एवढीच की प्रत्येकीत चार-सहा खिळे असतात. खिळे जळत नाहीत, राखेत लपतात, ती राख माडाच्या आळ्यात जाते, आणि पुढच्या उन्हाळ्यात अनवाणी पाय त्यांचा शोध लावतो. राख टाकण्यापूर्वी तीत जुन्या स्पीकरचा लोहचुंबक फिरवावा. बांबूच्या कांड्या उभ्या चिरूनच टाकाव्यात. दोन पेरांमधली हवा कोंडली की न्हाणीत दिवाळी होते आणि निखारे आंघोळ करणाऱ्याच्या पाठीवर येतात.

काही पाहुण्यांना मात्र घरातच घ्यायचं नाही. किनाऱ्याला वाहून आलेलं लाकूड फुकट असतं म्हणून फार गोड वाटतं. त्यातलं मीठ दमट हवेतलं पाणी ओढत राहतं, म्हणून ते सुकत नाही, आणि जळताना धातू खातं. चार आण्याच्या लाकडापायी बंबाची नळी घालवण्यात कसली आलीय काटकसर. रंगवलेली चौकट, प्लायवूड, सनमायका यांचा धूर विषारी. काजूच्या टरफलांतलं तेल कातडी सोलतं आणि धूर घशाला लागतो, तेव्हा ती कारखान्याच्या भट्टीलाच शोभतात. खाडीकाठच्या गेव्याच्या झाडाचा चीक डोळ्यांत गेला तर दृष्टीवर बेततं, धूरही तसलाच.

राहता राहिली गाठ. फणसाची किंवा जुन्या आंब्याची. तंतू सगळे वळसे घेत गेलेले, त्यामुळे कुऱ्हाड मधोमध घातली की अडकते, आणि अडकलेल्या कुऱ्हाडीसकट गाठ उचलून आपटणारा माणूस पाहणं ही गणपतीतली फुकटची करमणूक असते. शहाणा माणूस कडेकडेने ढलप्या काढत बाहेरून आत येतो. तेवढाही धीर नसेल तर गाठ भाण्याखालच्या, म्हणजे पाणी तापवायच्या मोठ्या भांड्याखालच्या, चुलाण्यात मागे सारावी. एकटी मुळीच जळणार नाही. लाकडाला तापायला शेजारी दुसरं तापलेलं लाकूड लागतं. दोन निखारेदार खोडकं दोन बाजूंना, मध्ये गाठ, आणि तिघांत बोटभर फट. मग ती दोन-तीन तास कुरकुरत का होईना, पाणी कोमट ठेवते. शेवटच्या आंघोळीवाल्याची, म्हणजे घरातल्या बाईची सोय होते.

आणि तरीही एक गाठ राहतेच. ढलप्या निघत नाहीत, चुलाण्यात मावत नाही, माचीला पेलत नाही. ती खोपीच्या दाराशी उपडी घालून तिच्यावर बाकीचं सरपण फोडायचं असतं. ती फोडायची ठरवलीत, तर खाली ठेवायला तसलीच दुसरी लागेल.